तंजावूरच्या विमानतळावरची पंगत

तंजावूरला विमान जातं असं मी सांगलीत सांगितलं, तेव्हा आमच्या मसाल्याच्या कारखान्यातल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, "उतरतं कुठे?" प्रश्न रास्त होता. उतरेपर्यंत मलाही उत्तर माहीत नव्हतं.

हल्ली रोज नवी विमान कंपनी निघते आणि छोट्या छोट्या गावांना विमानं जाऊ लागली आहेत. त्यातल्याच एका कंपनीचं हे विमान. मद्रासला ते प्रथम पाहिलं तेव्हा वाटलं, आमच्या मिनीबसला कोणीतरी पंख लावलेत. आत ताठ उभं राहता येत नाही. पायलट आणि आपल्यामध्ये नुसता पडदा, आणि तोही बांधून ठेवलेला, त्यामुळे त्याची मान आणि त्याच्यापुढचं आभाळ असं दोन्ही दिसतं. विमान सुटलं आणि माझ्या पोटात अशा काही गुदगुल्या झाल्या की मी मोठ्याने हसले. बावन्नाव्या वर्षी, तिखट-हळदीचा धंदा सांभाळणारी बाई, एकटीच हसत होते. शेजारच्या गृहस्थांनी आपली पिशवी जरा पलीकडे घेतली.

माझं तंजावूरला काम होतं म्हटलं तर होतं. मद्रासच्या एका महिला उद्योजकांच्या प्रदर्शनात माझ्या स्टॉलशेजारी कमला नावाच्या बाईंचा स्टॉल होता. माझा मसाल्यांचा, तिचा फुलांचा. मी मराठीत हिशेब पुटपुटत होते, आणि तिने एकदम विचारलं, "तुम्ही आमच्यातल्या की काय?" तंजावूरला मराठे राज्य करायला गेले तेव्हापासून तिचं घराणं तिथेच आहे. घरात मराठी बोलतात, पण तिला देवनागरी वाचता येत नाही. म्हणून आमची मैत्री पत्रांवर नव्हे, एसटीडी बूथवर वाढली. "या हो, शैलाक्का," असं ती दर वेळी म्हणायची. एकदा मी खरंच गेले.

उतरण्याची जागा

खाली भाताची खाचरं आणि त्यांच्यामधून निघालेले कालवे दिसत होते. मग एकाएकी काळा, सरळ, लांबच लांब पट्टा दिसला. एवढ्याशा विमानाला एवढी धावपट्टी म्हणजे चिमणीला पलंग. महायुद्धात इंग्रजांनी बाँबफेकी विमानांसाठी हा तळ बांधला. युद्ध संपलं, इंग्रज गेले, आणि धावपट्टी उन्हात पडून राहिली. आता आठवड्यातून काही दिवस हे विमान येतं.

आम्ही मात्र लगेच उतरलो नाही. दोन घिरट्या घातल्या. पायलट मान वळवून इंग्रजीत म्हणाला, "शेळ्या." खाली एक माणूस सायकलवरून शेळ्या हाकत धावपट्टीच्या पार टोकापर्यंत गेला, मग त्याने हात हलवला आणि आम्ही उतरलो.

विमानतळ म्हणजे लष्करी बराक. बाहेर पिवळा रंग नवा दिला होता, पण ऊन तिरपं पडलं की त्याखालची जुनी इंग्रजी अक्षरं वर यायची. आत दोन पंखे, शाळेतली वाटावीत अशी बाकं, आणि मधोमध धान्याची पोती मोजतात तसला प्लॅटफॉर्म काटा. पलीकडे दारूगोळा ठेवायचं जुनं कोठार होतं. जाड भिंती, बारीक खिडक्या, आत भर दुपारी थंडगार. त्यावर पाटी होती, "कार्गो". दारातून आत डोकावले तर केळीच्या पानांवर अबोलीचे ढीग. बाँब ठेवायच्या जागी अबोली ठेवणारी ही कमलाच होती. माझ्याकडे धावत आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "अक्का, इथली ही थंड खोली आमच्याचकरितां इंग्रजांनी बांधली होती. त्यांस ठाऊक नव्हतें, इतकेंच."

कमलाच्या घरी

तंजावूरचं मोठं देऊळ पाहिलं. त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि ते सगळं खरं आहे. ओरत्तनाडूला बसने जाऊन मराठ्यांच्या वेळचं छत्रम, म्हणजे वाटसरूंना जेवूखाऊ घालायची धर्मशाळा, तीही पाहिली. बसमध्ये माझ्या मांडीवर एका बाईने न विचारता आपलं मूल ठेवलं आणि उतरताना न बोलता उचललं. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे आधी नाव, गाव, सासर विचारतात आणि मूल शेवटी देतात.

पण मी तीन दिवस खरं केलं ते जेवण्याचं काम. कमलाच्या सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात. वय ऐंशीच्या आसपास, अंग चिमणीएवढं, नाकात दोन्हीकडे खड्यांच्या मोरण्या. त्यांचं मराठी ऐकताना आपण एखाद्या जुन्या पोथीशी गप्पा मारतोय असं वाटतं, फक्त पोथी तामीळ चालीवर बोलते. डांगर पच्चडी, म्हणजे आपलंच उडदाच्या पिठाचं डांगर दह्यात कालवून फोडणी दिलेलं. आंबट भाजी. दुपारी काहीतरी गोड. मी "पुरे" म्हटलं की अम्मा म्हणायच्या, "पुरे म्हणजे काय? आणखी थोडें, असेंच ना?" आणि वाढायच्या.

कमलाच्या मागच्या अंगणात सकाळी बायका फुलं ओवायला बसत. इथला कदंबम प्रसिद्ध आहे. मोगऱ्याच्या कळ्या, अबोली, दवण्यासारखा वासाचा पाला, असं सगळं केळीच्या सोपटाच्या धाग्याने गुंफलेला जाड गजरा. बोटं इतक्या वेगाने चालतात की मी अर्धा तास बघून एक गाठ शिकले, आणि तीही सुटली. बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला.

त्या हसण्याखाली एक चिंता होती आणि ती कमलाने मला पहिल्याच रात्री सांगून टाकली. बालवाडीतली नोकरी सोडून तिने हा उद्योग काढला होता. मद्रासच्या एका व्यापाऱ्याने सिंगापूरला फुलं पाठवण्यासाठी तिचा माल एकदा बघायचं कबूल केलं होतं. एकदाच. यापूर्वी तिने दोनदा रात्रीच्या रेल्वेने टोपल्या पाठवल्या. सकाळपर्यंत कळ्या फुलून तपकिरी पडल्या होत्या. कळी पहाटे तोडली की संध्याकाळी उमलते. तेवढ्या वेळात ती सिंगापूरच्या विमानात पोचायला हवी. म्हणजे आमच्या या मिनीबसने दुपारपर्यंत मद्रास गाठायला हवं.

"आणि या खेपेला बिघडलं तर?" मी विचारलं.

"तर तो मदुरैच्या लोकांकडून घेईल. मग मी पुन्हा बालवाडी. आणि या बायका पुन्हा देवळापुढे, उन्हांत."

योगायोग असा की ती टोपल्या पाठवणार होती ते विमान आणि मी परत जाणार होते ते विमान एकच होतं. कमलाला हा फार चांगला शकुन वाटला. मी शकुन मानत नाही, पण मलाही बरं वाटलं.

निघण्याचा दिवस

त्या दिवशी विमानतळावर जत्रा होती. विमानात बसणारे आम्ही पंधरा-सोळा, आणि पोचवायला आलेले शंभराच्या वर. सांगलीत पाहुण्याला निरोप म्हणजे हातावर दही आणि एसटीच्या खिडकीतून "पोचल्यावर कळव". इथे प्रवासाला निघणाऱ्याबरोबर कट्टुसादम द्यायचीच रीत आहे. कट्टुसादम म्हणजे बांधून दिलेला भात. चिंचेचा म्हणजे पुळियोदरै, दह्याचा, लिंबाचा, वर तळलेल्या मिरच्या, चकलीसारखे मुरुक्कू, केळी. रामेश्वरला चालत जाणाऱ्यांसाठी ही रीत पडली असणार. विमानाला मद्रासपर्यंत तासभरसुद्धा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यामुळे कोणाचा डबा लहान झालेला नव्हता.

सर्वांत मोठी पिशवी माझी होती. अम्मांनी ती स्वतः भरली होती आणि ती उचलायला कमलाच्या नवऱ्याला, सुंदररावांना, दोन्ही हात लागत होते.

"अम्मा, मी तासाभरात मद्रासला उतरणार, आणि उद्या मुंबईच्या गाडीत बसणार."

"होय की. म्हणून गाडीचा वेगळा बांधला. हा विमानांतला."

मग वजनाचा कार्यक्रम सुरू झाला. या विमानात माणसालाही काट्यावर उभं करतात, हातातल्या सामानासकट. मॅनेजर रामनाथन म्हणून अतिशय सौम्य गृहस्थ होते. ते प्रत्येकाचं वजन कानात सांगावं तसं हळू आवाजात सहकाऱ्याला सांगत, पण काट्याची तबकडी ताटाएवढी होती आणि ती सगळ्या गावाला दिसत होती. पापनाशमचे एक भातगिरणीवाले काट्यावर चढले. बगलेत नातीच्या बारशासाठी घेतलेली कमरेइतक्या उंचीची पितळी समई होती. काटा असा काही गेला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, पण तीन दिवसांच्या डांगर पच्चडीचा परिणाम मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला.

रामनाथन यांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, पुन्हा केली, चष्मा पुसला. मग कमलाजवळ येऊन तामीळमध्ये काहीतरी बोलले. कमलाचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"वजन जास्त झालें. आधी माणसें, मग त्यांचें सामान, उरेल त्यांत माल. आज काहीच उरत नाही म्हणतात. टोपल्या रहातील."

पुढचं विमान दोन दिवसांनी. तोपर्यंत या कळ्यांचं काय होणार ते सांगायला नको. कमला टोपल्यांपाशी गेली. ओल्या गोणपाटावरून हात फिरवत उभी राहिली. ते मला बघवेना, आणि बघवत नसलं की मला काहीतरी करायची सवय आहे.

"जास्त काय झालंय? भात. मग भात कमी करा. बसा सगळे, खाऊन टाका!"

सुंदररावांनी तामीळमध्ये ओरडून सांगितलं. कल्पना लोकांना एकदम पटली. प्रवाशांनी बाकांवर, पायरीवर डबे उघडले. वास असा सुटला की पंखेसुद्धा जोरात फिरू लागले असं मला वाटलं. मी चिंचेच्या भाताचा मोठा वाटा संपवला, दहीभाताला हात घातला. गिरणीवाले तर कर्तव्य म्हणून जेवत होते. विमान सुटायला पाऊण एक तास, म्हणजे घाईच, पण सगळे मन लावून. मग आम्ही विजयी मुद्रेने पुन्हा काट्यावर चढलो.

काटा तिथेच. तसूभर हलला नव्हता.

रामनाथन यांनी काट्याला टिचकी मारून पाहिली. मग एक म्हातारे निवृत्त शिक्षक, तेही प्रवासीच, ढेकर देऊन इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, पिशवीतलं पोटात गेलं. विमानाच्या दृष्टीने काही झालेलंच नाही."

आधी शिक्षक हसले, मग मी, मग सगळी बराक. मी आयुष्यभर किलोने तिखट विकलं आहे आणि हे माझ्या लक्षात येऊ नये! रामनाथनसुद्धा टेबलावर डोकं ठेवून हसत होते. एकटी कमला हसत नव्हती. ती घड्याळ बघत होती.

"मग पोचवायला आलेल्यांनी खावं," मी म्हटलं. "ते कुठे उडणार आहेत?"

इथे मात्र घोडं अडलं. शंभर माणसं एकदम मागे सरकली. प्रवासाला दिलेला डबा घरच्यांनी परत घ्यायचा नाही आणि खायचा तर नाहीच. ज्याला दिला तो माणूस वाटेत अडतो म्हणे. मी अम्मांकडे बघितलं. अम्मांनी हात मागे बांधले.

"अम्मा, तुमच्या सुनेची फुलं राहताहेत."

"मज दिसतें की. पण तुम्ही वाटेंत अडाल."

"मग ज्यांनी बांधला नाही ते खातील, ते चालेल?"

अम्मांनी विचार केला. "परक्यांस दिला तर पुण्यच."

मग काय! आगीच्या बंबावरची माणसं आली. फाटकावरचे दोन पोलीस आले, एकाने आधी बंदूक भिंतीला टेकवून हात धुतले. गवत कापणाऱ्या बायका आल्या. शेळ्या हाकणारा सायकल टाकून आला. दारूगोळ्याच्या कोठाराच्या सावलीत केळीची पानं अंथरली, फुलांसाठी आणलेली, आणि पंगत बसली. वाढायला पोचवायला आलेल्या बायका. खायचं नाही, पण वाढायचं तर पुण्य, त्यामुळे चढाओढ लागली. "आमचा पुळियोदरै घ्या," "छे, आमचा घ्या, त्यांच्यात मीठ जास्त." बंबावरचा एकजण चौथ्यांदा वाढल्यावर म्हणाला की आता आग लागली तर आम्हाला बोलावू नका. तेवढ्यात पायलट, तरणाबांड पोरगा, विमानातून उतरून आला आणि त्याने पानावरचा एक मुरुक्कू उचलला. रामनाथन पहिल्यांदाच मोठ्याने ओरडले, "कॅप्टन, नो! तुम्हीसुद्धा उडणार आहात!" पायलटने मुरुक्कू मुकाट परत ठेवला.

पिशव्या रिकाम्या झाल्या. पुन्हा काटा, पुन्हा कॅल्क्युलेटर. आता बहुतेक टोपल्या जाणार होत्या. तीन राहत होत्या, आणि त्या मोठ्या, सगळ्या कदंबमच्या. सुट्या कळ्या कोणीही पाठवेल. सिंगापूरला हवा होता तो कदंबम.

सगळ्यांनी गिरणीवाल्यांकडे पाहिलं. गिरणीवाल्यांनी समई छातीशी धरली आणि छताकडे पाहिलं. नातीचं बारसं होतं, त्यांना काय बोलणार?

मी मनातल्या मनात आकडेमोड केली. मला ती परतीची खिडकी हवी होती, हे कबूल करते. येताना ढग उजवीकडून पाहिले होते, जाताना डावीकडून पाहायचे ठरवले होते. पण माझी मुंबईची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती, आणि तंजावूरहून मद्रासला रेल्वे जाते. कळीला तेवढा वेळ नव्हता. मला होता.

"मिस्टर रामनाथन, मी उतरले तर?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या आदराने माझ्या आकाराकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. "तीनही टोपल्या जातील, मॅडम," ते म्हणाले. "आरामात."

कमला उसळली. "पाहुणीस उतरवून फुलें पाठवूं? लोक काय म्हणतील? अम्मा, तुम्ही सांगा की!"

"पाहुणी रहातें म्हणते तर राहूं दे की," अम्मा म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "संध्याकाळीं सुरळी पोळी करतें."

विमानातल्या सामानाच्या कोठीत जागा नव्हती म्हणून टोपल्यांना माझी सीट द्यायची ठरली. पायलटने डोकं खाजवलं, आत जाऊन मापं घेतली आणि सांगितलं की एक सीटवर, दोन खाली बांधून, आणि सीटवरच्या टोपलीला पट्टा लावायचा. कमलाने स्वतः आत जाऊन पट्टा लावला. मग विमान धावपट्टीवर गेलं. माझ्या खिडकीतून हिरवं पान आणि अबोलीचा एक झुपका दिसत होता, आणि शंभर माणसं त्याला हात हलवून निरोप देत होती. गवतवाल्या बायकाही देत होत्या. मीही दिला. विमान उचललं गेलं तेव्हा जी ओरड झाली तशी मी फक्त कुस्तीच्या फडात ऐकली आहे.

एसटीडी बूथ

तो दुपारचा वेळ वाईट गेला. मद्रासचा व्यापारी कमलाच्या घराजवळच्या बूथवर फोन करणार होता. कमला, सुंदरराव, अम्मा आणि मी, चौघं बूथच्या बाकावर. बूथवाल्याकडे कोणी दुसरा माणूस फोन करायला आला की कमला त्याच्याकडे अशी बघायची की तो आपलं बोलणं दोन वाक्यांत आटपायचा. मी विषय काढले, हळदीचे भाव, सांगलीचा पूर. कोणी ऐकलं नाही. मग मीही फोनकडे बघत बसले. अम्मा मात्र शांतपणे वाती वळत होत्या.

फोन वाजला. कमलाने दोन्ही हातांनी धरला. तामीळमध्ये बोलणं झालं. तिकडून पुष्कळ, इकडून नुसतं "सरी... सरी... सरी." सरी म्हणजे बरं, त्यापलीकडे मला एक अक्षर कळलं नाही, पण तिच्या दुसऱ्या हाताने माझा दंड असा आवळला की वळ उठला.

फोन ठेवून ती म्हणाली, "मिटलेल्या होत्या. कळ्या सगळ्या मिटलेल्या. सिंगापूरच्या विमानांत चढल्यासुद्धा. दर विमानास पाठवा म्हणतो."

मग ती रडली, पोटभर, आणि बूथवाल्याने तिला पाणी दिलं. सुंदररावांनी मान फिरवून उगीच रस्त्यावरच्या रिक्षा पाहिल्या. मी तिची पाठ थोपटली आणि लगेच कामाचं बोलले, कारण कोणीतरी बोलायला हवं होतं.

"दर विमानाला अशी पंगत घालणार का? ते काही खरं नाही. असं करा, दर खेपेला एक तिकीटच काढा. घरातल्या कोणाच्या तरी नावाचं. माणूस चढवायचाच नाही, टोपल्या बसवायच्या."

"कोणाच्या नांवें काढूं?"

"अम्मांच्या. त्या कुठे जाणार आहेत?"

अम्मांनी वात वळायची थांबवली.

"माझ्या नांवें तिकीट, आणि मी घरी?" त्या म्हणाल्या. "मी जाणार. माझें असें वजन तें किती? टोपली मांडीवर घेतें." मग सुनेचा चेहरा बघून त्यांनी तिची समजूत घातली, "भिऊं नको. कट्टुसादम अगदीं थोडा बांधीन."